ते सिल्व्हरलाइन आहे, विषारी नाही. बोराटी तोडू नका

जांबोटी भागातल्या एका मराठी शाळेच्या गुरुजींनी तीन फोटो पाठवून विचारलंय: शाळेच्या कुंपणालगत बोराटीचं झुडूप आहे. पाऊस सरल्यापासून त्यावर एक छोटं फुलपाखरू दिसतं. पिवळसर पांढरं, त्यावर तांबडे पट्टे. पोरं म्हणतात त्याला दोन्हीकडे तोंड आहे. एकाचं मागचं टोकच गायब आहे, तरी ते खुशाल उडतंय. झुडपावर मुंग्याही भरपूर, काही पोरांना चावल्या. गावातल्या एका जाणत्या माणसाचं म्हणणं, पाखरू विषारी आहे, म्हणून त्याला कुणी खात नाही. झुडूप मुळासकट काढा. तर हे पाखरू कोणतं, ते खरंच विषारी आहे का आणि झुडपाचं काय करायचं?

गुरुजी, आधी झुडपाचं सांगतो, कारण एव्हाना कुणीतरी कोयता काढला असेल. तोडू नका. फुलपाखरू विषारी नाही. मुंग्या चावतात हे खरं, पण त्यांचा आणि या फुलपाखराचा जुना व्यवहार आहे, आणि तुमच्या प्रश्नातला सगळ्यात मजेदार भाग तोच आहे.

आता ओळख. पहिल्या दोन फोटोंत आहे ते कॉमन सिल्व्हरलाइन. शास्त्रीय नाव सिगॅरिटिस व्हल्कॅनस. जुन्या पुस्तकांत हेच स्पिंडॅसिस व्हल्कॅनस म्हणून सापडेल. तिसऱ्या फोटोतलं मात्र ते नाही. ते कॉमन पिएरो. दोन्ही एकाच बोराटीवर बसलेली, दोन्ही चिमुकली, दोन्हींच्या पंखांना मागे शेपट्या, त्यामुळे पोरांनी एकच धरलं. त्यात नवल नाही. दोन्ही नीळकुळातली, म्हणजे लायसेनिडी कुळातली, आणि दोघांच्याही अळ्या बोरीची पानं खातात.

फरक असा बघा. पिएरोच्या पंखाची खालची बाजू स्वच्छ पांढरी आणि तिच्यावर सुटे सुटे काळे ठिपके. पट्टे नाहीत, तांबडं काही नाही. पंख उघडले तर मुळाशी निळसर झाक दिसते. उडणं संथ, झुडपाच्या आसपासच घुटमळणारं, आणि ओल्या मातीवर पाणी शोषायला बसायची भारी हौस. सिल्व्हरलाइनच्या पंखाची खालची बाजू मलईच्या रंगाची, तिच्यावर तांबूस-नारिंगी पट्टे, पट्ट्यांना काळी किनार आणि पट्ट्याच्या मधून चमकणारी चंदेरी रेघ. तुमच्या मोबाइलच्या फोटोत ती रेघ नुसती पांढरी दिसतेय. उन्हात तिरकं बघितलंत तर खरी चांदी दिसेल. मागच्या पंखाच्या टोकाला नारिंगी डाग, त्यात काळे ठिपके, आणि प्रत्येक मागच्या पंखाला दोन बारीक शेपट्या, म्हणजे एकूण चार. पंख पसरले तर या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण 26 ते 34 मिलिमीटर. दहा रुपयांचं नाणं 27 मिलिमीटरचं असतं, तेव्हा पोरांना नाणं दाखवा आणि सांगा, एवढं किंवा जरासं मोठं.

रंगावरून ओळखायला पोरं लवकर शिकतात आणि तिथंच फसतात. मी नवख्याला सांगतो, रंग शेवटी बघ. आधी बघ ते कशावर बसलंय, कसं बसलंय आणि पंखाचा कुठला भाग नाहीये. नीळकुळात तर हे फारच खरं, कारण या कुळातल्या कित्येक जाती वरून निळ्या आणि खालून करड्या, एकीसारखी एक. त्यांच्यात नुसत्या रंगावर बोट ठेवणारा माणूस मला जरा संशयास्पदच वाटतो.

बसण्याची तऱ्हा घ्या. सिल्व्हरलाइन पानावर किंवा काटकीवर उतरते, पंख मिटते आणि पुष्कळदा डोकं खाली, शेपट्या वर अशी बसते. मग मागचे दोन पंख एकमेकांवर सावकाश घासल्यासारखे खाली-वर करत राहते. अंग हलत नाही, पुढचे पंख हलत नाहीत, हलतात त्या फक्त शेपट्या. लांबून बघणाऱ्याला वाटतं वरच्या बाजूला डोकं आहे, त्याला मिशा आहेत आणि त्या मिशा हलतायत. नारिंगी डागातला काळा ठिपका म्हणजे डोळा. अंगावरचे पट्टेसुद्धा त्याच कोपऱ्याकडे उतरत जातात, त्यामुळे नजर आपोआप तिकडे ओढली जाते. खरं डोकं दुसऱ्या टोकाला, पानाच्या सावलीत, गुपचूप. तेव्हा तुमच्या पोरांनी दोन तोंडं बघितली यात त्यांची काही चूक नाही. ती दिसावीत म्हणूनच तर सगळी मांडणी आहे. या कुळातल्या काही जाती उतरल्याबरोबर गर्रकन फिरून बसतात, म्हणजे ज्या दिशेनं उडत आल्या त्या दिशेला खोटं डोकं होतं. आपल्या सिल्व्हरलाइनी तसं करतात का, हे तुमची पोरं एका आठवड्यात सांगू शकतील; नुसतं उतरतानाचं तोंड आणि बसल्यावरचं तोंड वहीत बाणानं काढायचं.

कीटकशास्त्रात याला 'खोटं डोकं' म्हणूनच ओळखतात. रॉबर्ट रॉबिन्स या अमेरिकी शास्त्रज्ञानं 1981 साली या कुळाच्या पंखांवरच्या खुणा तपासून मांडलं की ज्या जातींत शेपट्या, डाग, रेघांचा उतार असा सगळा सरंजाम पूर्ण असतो, त्यांच्यात मागचं टोक तुटलेली पाखरं जास्त सापडतात. याचा अर्थ शिकारी खरोखर तिकडे चोच मारतो. पुढे 2013 मध्ये आंद्रेई सोराकोव्ह यांनी फ्लोरिडात उड्या मारणाऱ्या कोळ्यांसमोर खोटं डोकं असलेलं एक फुलपाखरू ठेवलं. कोळी पुनःपुन्हा खोट्या डोक्यावर झेप घेत राहिला आणि पाखरू निसटत राहिलं. इतर पतंग-फुलपाखरं त्याच कोळ्यानं सहज पकडली. ती जात आपल्याकडची नाही, पण सोंग तेच.

आता तुमचा दुसरा फोटो, टोक गेलेलं पाखरू. हा फोटो मला तिन्हींत सगळ्यात आवडला, मोठा करून बघा. मागच्या पंखाचा नारिंगी डाग आणि शेपट्या जिथं असायला हव्यात तिथं इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच आहे. खाचेची कड धारदार आहे, झिजून झालेली नाही. झिजलेला पंख कडेनं विरतो, त्याचे खवले गळून तो पारदर्शक होत जातो. तसं इथं काही नाही. आता तिसरी गोष्ट, जी एका फोटोत कळत नाही: खाच दोन्ही बाजूंच्या पंखांवर सारखीच आहे का? हे पाखरू पंख उघडून ऊन खात बसेल तेव्हा, म्हणजे सकाळी, वरून एक फोटो घ्या. दोन्ही पंखांवर अगदी एकसारखी खाच निघाली तर समजायचं, पंख मिटून बसलेलं असताना कुणीतरी दोन्ही एकदम पकडले. चोचीनं पकडलं की खाच अशीच टोकदार येते. सरड्याचा जबडा गोलसर तुकडा नेतो, असं साधारण धरतात, पण छोट्या पंखावर हा फरक फार छातीठोकपणे सांगू नये. एकाच पंखाला खाच असेल तर उडताना कुणी झडप घातली असेल, नाहीतर बोराटीच्या काट्यानं फाटलं असेल. काट्यानं फाटलेलं मात्र बहुतेक लांब चिरीसारखं असतं, तुकडा गेलेला नसतो.

त्या भागात पाखराचं काही मोलाचं नसतं. डोकं नाही, पोट नाही, नुसता पडदा आणि त्यावर खवले. कोतवाल किंवा वेडा राघू चोचीत तो तुकडा घेऊन बसला की पाखरू त्याच क्षणी पुढच्या बाजूला निसटतं, आणि पुढची बाजू म्हणजे शिकाऱ्याला वाटत होती त्याच्या बरोबर उलटी. उडायला पुढचे पंख शाबूत असले की भागतं.

इथं एक सावधगिरी. शेपटी गेलेली पाखरं बरीच दिसली म्हणजे युक्ती फारच यशस्वी, असा हिशेब पोरं मांडतील, मोठीही मांडतात. पण आपल्याला दिसतात ती वाचलेलीच. ज्याचं खरं डोकं पकडलं गेलं ते फोटो काढायला शिल्लकच राहत नाही. म्हणून तुटक्या पाखरांची गणती करून 'शंभरातली इतकी वाचली' असं कधी लिहू नका. एवढंच म्हणता येतं, की शिकारी तिकडे वार करतात आणि तसा वार सोसून पाखरू जगतं.

युक्ती प्रत्येकापुढं चालतेही असं नाही. फुलात दबा धरून बसलेला खेकडा-कोळी घ्या. टणटणीच्या किंवा एकदांडीच्या फुलावर पाखरू रस प्यायला येतं तेव्हा त्याचं खरं डोकं आपसूकच फुलात, म्हणजे कोळ्याच्या पुढ्यात जातं. तिथं शेपट्या कितीही हलवल्या तरी उपयोग शून्य. कधी एखादी सिल्व्हरलाइन फुलावर अगदी स्तब्ध, पंख जरा तिरके पडलेले अशी दिसली आणि जवळ जाऊनही उडाली नाही, तर खाली वाकून बघा. बहुतेक पाकळ्यांच्याच रंगाचा कोळी तिच्या मानेला लागलेला असतो. पोरांना हेही दाखवा. संरक्षण म्हणजे अजिंक्य होणं नव्हे, हे पुस्तकात सांगून पटत नाही.

आता मुंग्या. त्यांची गोष्ट फुलपाखरापासून नाही, अळीपासून सुरू होते. तुम्ही लिहिलंय की मुंग्या बारीक, काळपट-तपकिरी आहेत आणि डिवचलं की मागचा भाग पाठीवर उचलून धरतात. या क्रेमॅटोगॅस्टर वंशाच्या मुंग्या. पोट बदामाच्या आकाराचं, टोकदार, आणि राग आला की ते डोक्याच्याही वर नेतात. भीमगडच्या बाजूला, आमगाव-कणकुंबीच्या रानात झाडांच्या फांद्यांवर मातकट रंगाचे, कागदाच्या लगद्यासारखे मोठे गोळे लागलेले असतात ते यांच्यातल्याच काहींचं घर. तांबूस सुतारपक्षी त्याच गोळ्यात भोक पाडून अंडी घालतो, मुंग्या आत असताना. पण ते विषयांतर झालं.

कॉमन सिल्व्हरलाइनच्या अळीला या मुंग्यांची सोबत लागते. अळी दिवसा पानांच्या आडोशाला, मुंग्यांनी वेढलेल्या जागेत दबून असते आणि खायला बहुतेक अंधार पडल्यावर बाहेर येते. म्हणून पोरांना पाखरू दिसतं, अळी दिसत नाही. नीळकुळातली अळी तशीही अळीसारखी दिसत नाही: चपटी, कडांनी उतरती, पाय झाकलेले, डोकं छातीखाली आत ओढून घेतलेलं. कातडी जाड, म्हणजे मुंगीनं चुकून चावा घेतलाच तरी आतपर्यंत पोचत नाही. पोटाच्या सातव्या खंडावर, पाठीच्या मधोमध एक बारीक चीर असते. मुंगी मिशांनी त्या जागी टकटक करते आणि चिरेतून एक थेंब वर येतो. भिंगातून बघितलं तर थेंब काचेच्या मण्यासारखा उभा राहतो, मुंगी तो पिते, आणि चीर मिटते. त्यात साखर असते आणि प्रथिनं ज्यांची बनतात ती अमिनो आम्लंही असतात. त्याच्या मागच्या खंडावर दोन बाजूंना दोन बारीक तुरे असतात. अळी बिचकली की ते क्षणभर बाहेर येऊन आत जातात आणि मुंग्या एकदम सावध होतात, इकडेतिकडे धावू लागतात.

पूर्वी आपल्याकडे शेताचा राखणदार पगारावर नसे, सुगीला धान्याचा वाटा घेई. अळीचा आणि मुंग्यांचा करार साधारण तसाच. राखण कुणापासून? पक्ष्यांपासून फारशी नाही. खरा शत्रू म्हणजे गांधीलमाशीच्या जातीच्या अगदी छोट्या माश्या, ज्या अळीच्या अंगात अंडी घालतात आणि त्यांची पिल्लं तिला आतून खातात. मुंग्यांचा पहारा असला की अशा माश्यांना अळीवर टेकायला जागा मिळत नाही.

करार दोन्हीकडून राजीखुशीचा आहे, असंही समजू नका. जपानमधल्या एका नीळकुळी फुलपाखराच्या अळीवर 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की तिचा रस प्यालेल्या मुंग्यांच्या मेंदूतलं डोपामिन हे रसायन कमी झालं, त्या फिरायच्या कमी झाल्या, अळीपाशीच घुटमळू लागल्या आणि तुरे बाहेर आले की जास्त आक्रमक झाल्या. म्हणजे मजुरीत काहीतरी गुंगीचं मिसळलेलं. आपल्या सिल्व्हरलाइनच्या रसाचं तसंच असेल असं यावरून म्हणता येत नाही. पण 'मुंग्या आणि अळी यांची मैत्री' असं गोड चित्र फळ्यावर काढण्याआधी हे लक्षात असू द्या.

म्हणून तुमच्या शाळेच्या कुंपणावर असं घडलं: बोराटी आहे, तिच्यावर मुंग्या आहेत, म्हणून तिथं सिल्व्हरलाइनची मादी अंडी घालते. नुसती बोर असून भागत नाही. मुंग्या मारायला पावडर टाकलीत तर झुडूप राहील आणि पाखरू जाईल. पोरांना चावू नयेत म्हणून एवढंच करा, की झुडपाला हात लावायचा नाही, हातभर अंतरावरून बघायचं, आणि खाली चप्पल घातल्याशिवाय उभं राहायचं नाही. चावलंच तर साबणानं धुतलं की बहुतेकांचं भागतं. एखाद्याच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा दम लागला तर मात्र तडक दवाखाना गाठायचा. कुठल्याही कीटकाच्या चाव्याला हेच.

आता विषाचं. गावातल्या त्या जाणत्या माणसाचं म्हणणं अगदीच निराधार नाही, फक्त चुकीच्या पाखराला लावलंय. विषारी फुलपाखरं आपल्याकडे आहेतच. माळावर रुईभोवती उडणारं नारिंगी प्लेन टायगर घ्या. त्याची अळी रुईची पानं खाते आणि चिकातली विषारी द्रव्यं अंगात साठवते. कॉमन क्रो, ब्लू टायगर हे भाऊबंद खुळखुळ्यासारख्या झाडांच्या वाळक्या भागातून कडू अल्कलॉइडं शोषतात. ईश्वरीच्या वेलीवरचं कॉमन रोझही त्यातलंच. पण यांचं वागणं बघा. आरामात, दिमाखात, सगळ्यांना दिसेल असं उडतात. रंग भडक, अंग चिवट. पक्ष्यानं एकदा तोंडात धरून थुंकलं तरी पुष्कळदा जिवंत राहतात. त्यांना लपायचंच नसतं, ओळख पटवून द्यायची असते. सिल्व्हरलाइन याच्या बरोबर उलट. उडते ती झटक्यात, नजर ठरत नाही अशी, आणि थोड्या अंतरावर जाऊन पुन्हा बसते. तिच्या अंगात विष असतं तर शेपट्यांचं सोंग आणि मुंग्यांचा खर्च कशाला केला असता?

आणि विषारी फुलपाखरूसुद्धा माणसाला काही करत नाही. ते चावत नाही, डसत नाही. विष असतं ते खाणाऱ्यासाठी. पोरांना खाज सुटते ती केसाळ सुरवंटांनी, आणि तेही बहुतेक पतंगांचे, जसे शेवग्याच्या खोडाला पुंजक्यानं लागतात ते. त्यांचे केस कातडीत मोडतात. रुईचा चीक डोळ्यात गेला तर ते खरोखर वाईट. गावात धाक घालायचाच असेल तर या दोन गोष्टींचा घाला.

तुमच्या भागाबद्दल थोडं. बेळगावच्या सीमेवरचे तालुके म्हणजे थोड्या अंतरात हवामान बदलणारा मुलूख. कणकुंबीला, जिथं मलप्रभा उगम पावते, पाऊस बदाबदा पडतो आणि चोर्ल्याकडे सदाहरित रान लागतं. जांबोटी-खानापूरकडे ते उघडं होत जातं, मधे माळ, बोर, तोरण, करवंद. पुढे बेळगाव ओलांडून गोकाक-सौंदत्तीकडे गेलं की कोरडं, बाभळीचं. कॉमन सिल्व्हरलाइन उघड्या, झुडपी, कोरड्या जागेची. म्हणून शाळेच्या कुंपणावर ती दिसणं साहजिकच, आणि हीच तुम्हाला राजहंसगडाच्या उतारावर किंवा बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोतही भेटू शकते. उलट चोर्ल्याच्या दाट रानात पट्टेवालं सिल्व्हरलाइन दिसलं तर मी लगेच कॉमन म्हणणार नाही. तिथं लाँग-बँडेड सिल्व्हरलाइनही असते. कॉमनच्या वरच्या बाजूला पुढच्या पंखावर नारिंगी डाग असतात, लाँग-बँडेडच्या नराची वरची बाजू गडद आणि जांभळट निळी झाक मारणारी. पंख मिटलेल्या एकाच फोटोवर या दोघींत निकाल देणं धोक्याचं. तुमच्या पहिल्या फोटोत पंख किंचित उघडल्यामुळे नारिंगी डागाची कड दिसतेय, म्हणून मी इतकं ठामपणे सांगतोय.

जाता जाता एक गंमत. महाराष्ट्रानं 2015 साली ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखरू केलं, असं करणारं ते देशातलं पहिलं राज्य. कर्नाटकाचं राज्य फुलपाखरू सदर्न बर्डविंग. जांबोटीच्या एखाद्या ओढ्यावर ही दोन्ही भेटतात आणि त्यांना कुणाच्या हद्दीत उडतोय याची फिकीर नसते. पोरांना दोन्ही दाखवा, पण छोट्यांकडे त्यांचं लक्ष आधी वेधा. मोठी काय, आपोआप दिसतात.

वर्गात अळी पाळायची तुमची कल्पना चांगली, पण सिल्व्हरलाइन त्यासाठी घेऊ नका. मुंग्यांशिवाय बाटलीत कोंडली की ती बुरशीनं किंवा आणखी कशानं मरते आणि पोरं हिरमुसतात. त्याऐवजी पानफुटीची एक कुंडी आणा. तिच्यावर रेड पिएरो येतं: वरून काळं, मागच्या पंखावर शेंदरी ठसा, उडायला संथ, पोरांना सहज ओळखू येणारं. त्याची अळी पानफुटीच्या जाड पानाच्या आत शिरून गर खाते, वरचं-खालचं साल तसंच ठेवून. पान उजेडासमोर धरलं की आतली अळी सावलीसारखी दिसते, मागे विष्ठेची काळी रेघ. पान बाहेरून धड आणि आतून पोखरलेलं, हेही एक संरक्षणच. मुंग्यांची गरज नाही, पानं संपली की नवीन पान शेजारी ठेवलं तर अळी त्यात जाते, आणि कोषही तिथंच पानावर करते. कुंडी उघड्या खिडकीत ठेवा, बाहेर पडलेलं पाखरू स्वतःच निघून जाईल.

दुसरं पी ब्लू. शिवारात मसूर, वाल, तूर असेल तर फुलाच्या दिवसांत त्यावर हमखास. मागच्या पंखाला एकच शेपटी आणि तिच्या बुडाशी दोन काळे ठिपके. खोट्या डोक्याची साधी आवृत्ती. त्याची अळी शेंगेत शिरते, त्यामुळे शेतकऱ्याचा त्याच्यावर राग असतो आणि तो रास्त आहे. पण निरीक्षणाला उत्तम. एका सकाळी बांधावर बसून पोरं मोजतील, किती पाखरांच्या शेपट्या शाबूत आणि किती तुटलेल्या. वरची सावधगिरी तेवढी लक्षात ठेवून.

पुढचे फोटो पाठवताना एवढं करा. मोबाइल पंखाला समांतर धरा, वरून तिरका नको, नाहीतर पट्ट्यांचा उतार कळत नाही. ऊन पाठीशी, पण आपली सावली पाखरावर पडली की ते उडतं, तेव्हा बाजूनं सरकत जा. सकाळी आठ-नऊच्या सुमाराला, थंडी असताना, ते पंख उघडून ऊन खातं. वरच्या बाजूचा फोटो तेव्हाच मिळेल. ज्या झाडावर बसलंय त्याच्या पानाचा वेगळा फोटो, आणि मुंग्या असतील तर मुंगीचाही. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत पोरांना न्यायचं असेल तर आधी वनखात्याची परवानगी घ्या आणि जाळी बरोबर नेऊ नका. टोक तुटलेलं ते पाखरू पुन्हा दिसलं तर वरून काढलेला फोटो मला नक्की पाठवा; दोन्ही पंखांवरची खाच जुळते की नाही, हे मलाही बघायचंय.